ग्रंथपालाची विद्यार्थिदशा

ग्रंथपालाचें शिक्षण केव्हां संपतें? बडोद्याच्या इतिहासानें या प्रश्नाचें एक उत्तर देऊन ठेविलें आहे. सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केलें, व त्यांनीं १९११ सालीं ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग काढला. पण वर्ग सुटला म्हणजे विद्या पुरी झाली, असें तेथें मानलें गेलें नाहीं. १९१२ सालीं बडोद्याहून ग्रंथालयविषयक त्रैमासिक निघूं लागलें. इंग्रजी व गुजरातीबरोबर त्यांत मराठीसहि स्थान होतें. कामावर असलेल्या सेवकाच्या हातीं नवें ज्ञान पोंचविण्याचें तें एक साधन होतें. पुढें तें बंद पडलें; गरज मात्र सरली नाहीं.

सिडकोनें वसविलेल्या नवीन पनवेलसारख्या नगरांत तर ती वाढलीच आहे. आतां सूची संगणकावर करावी लागते, नियतकालिकें पडद्यावर दाखवावीं लागतात. अशा वेळीं अभ्यासक्रम आंखणारांनीं प्रथम सेवकांसच विचारावें: काम कोठें अडतें? कोणत्या भाषेंत शिकणें सोपें जाईल? त्यासाठीं रजा मिळते काय? हा शेवटचा प्रश्न गाळला, तर सारी पाहणी कागदावरच राहील. कारण जिज्ञासा सेवकाची असली, तरी त्याचा वेळ चालकांच्या हातीं असतो.