मांजरांतील पॅनल्युकोपेनिया

मांजरांतील पॅनल्युकोपेनिया हा पार्व्हो गटातील विषाणूमुळे होणारा अत्यंत सांसर्गिक रोग आहे. ‘सर्व पांढऱ्या पेशींची कमतरता’ हा या ग्रीक मुळाच्या नावाचा अर्थ होय. लस न घेतलेल्या पिल्लांमध्ये हा रोग अनेकदा प्राणघातक ठरतो. माणसांना याची लागण होत नाही.

कारण

शरीरात जेथे पेशी वेगाने विभागतात, तेथे हा विषाणू वाढतो. आतड्याचे अस्तर नष्ट झाल्याने उलट्या व जुलाब होतात. अस्थिमज्जेवर आघात झाल्याने रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि इतर जिवाणूंना प्रतिकार उरत नाही. गाभण मांजरीला लागण झाल्यास गर्भपात होतो किंवा पिल्लांचा अनुमस्तिष्क अविकसित राहतो. अशी पिल्ले जन्मभर डुलत चालतात.

प्रसार

रोगी मांजराच्या विष्ठेतून, उलटीतून व लाळेतून विषाणू बाहेर पडतो. तो खोलीच्या तापमानाला वर्षभरही टिकू शकतो. त्यामुळे मांजरांची प्रत्यक्ष भेट न होताही भांडी, अंथरूण, हात व पादत्राणे यांद्वारे तो पसरतो. सिडकोने वसवलेल्या कळंबोलीसारख्या दाट वसाहतीत जिन्याखाली व वाहनतळात भटकी मांजरे राहतात आणि रहिवासी त्याच वाटेने ये-जा करतात. त्यामुळे कधीही घराबाहेर न पडणारे मांजरही पूर्णपणे सुरक्षित मानता येत नाही.

लक्षणे

लागण झाल्यापासून साधारणतः २ ते १० दिवसांत लक्षणे दिसतात. प्रारंभी ताप, सुस्ती व अन्नावरील वासना उडणे आढळते. पुढे उलट्या व जुलाब होऊन शरीरातील पाणी कमी होते. जुलाबात कधी रक्तही दिसते. पाण्याच्या भांड्यापाशी मान टाकून बसणे, परंतु पाणी न पिणे, हेही एक लक्षण आहे. शेवटच्या अवस्थेत शरीर थंड पडते. काही पिल्ले कोणतेही लक्षण न दाखवता अचानक दगावतात, म्हणून अशा मृत्यूला विषबाधा समजण्याची चूक होते.

निदान

रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींची मोठी घट आढळते. विष्ठेतील विषाणू ओळखण्यासाठी कुत्र्यांच्या पार्व्होसाठी असलेला तपासणी संचही वापरतात. तथापि, अहवाल नकारात्मक आला तरी रोग नाहीच, असे म्हणता येत नाही.

उपचार

विषाणू मारणारे खात्रीचे औषध उपलब्ध नाही. शरीराला तग धरता यावा, यासाठीच उपचार केले जातात. शिरेतून सलाईन, उलटी थांबवणारी औषधे, जिवाणूंविरुद्ध प्रतिजैविके, ऊब आणि लवकरात लवकर पोषण हे त्यांचे मुख्य भाग होत. पहिले पाच दिवस निभावल्यास बचावण्याची शक्यता बरीच वाढते. पॅरासिटामॉलसारखे माणसांचे औषध मांजराला देऊ नये. ते त्याच्यासाठी विष आहे.

मुंबईत परळ येथे १८८६ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय आहे. मात्र कळंबोलीहून तेथे पोहोचण्यात वेळ जातो. पिल्लाच्या बाबतीत काही तासांचा विलंबही घातक ठरतो. त्यामुळे प्रथम जवळच्या पशुवैद्याकडून सलाईन सुरू करून घेणे हितावह ठरते.

प्रतिबंध

लसीकरण हा सर्वांत प्रभावी उपाय आहे. पहिली मात्रा वयाच्या ६ ते ८ आठवड्यांत देतात. नंतर १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत दर ३ ते ४ आठवड्यांनी ती पुन्हा देतात. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडे आरंभीच्या मात्रा निष्प्रभ करू शकतात, म्हणून शेवटची मात्रा चुकवू नये. जिवंत विषाणूची लस गाभण मांजरीला देत नाहीत.

रोगी मांजर इतरांपासून वेगळे ठेवावे. बरे झाल्यावरही त्याच्या विष्ठेतून सुमारे सहा आठवड्यांपर्यंत विषाणू बाहेर पडू शकतो. स्पिरिटने हा विषाणू मरत नाही, आणि फिनाइल मांजरांना अपायकारक असते. जागा प्रथम साबणाने धुऊन, एक भाग ब्लीच व सुमारे तीस भाग पाणी यांचे मिश्रण दहा मिनिटे ठेवावे आणि नंतर स्वच्छ पाण्याने पुसावे. ज्या घरात या रोगाने मांजर दगावले असेल, तेथे लसीकरण पूर्ण न झालेले नवे पिल्लू आणू नये.