मेरी रोझवरचे सुतार

माझी हयात गोदीच्या सुतारखान्यात गेली. इंग्लंडात पोर्ट्‌समथला मेरी रोझ बघायला गेलो, तेव्हा बाकीची मंडळी तोफांपुढे फोटो काढत होती आणि मी रंध्यांच्या काचेला नाक लावून उभा.

राजा आठव्या हेन्रीची ही लढाऊ नौका १९ जुलै १५४५ रोजी फ्रेंच आरमारासमोर सोलेंटच्या सामुद्रधुनीत कलंडली. जवळपास ५०० माणसांतली ३५सुद्धा वाचली नाहीत. गाळात रुतलेली बाजू मात्र टिकली. ११ ऑक्टोबर १९८२ला तो सांगाडा वर काढला. एकूण १९ हजारांवर वस्तू हाती लागल्या.

त्यांत सुतारांच्या खोलीतला हा ऐवज: रंधे, मोगऱ्या, मापाच्या पट्ट्या, भोकं पाडायचे सामते. खाऱ्या पाण्याने लोखंड खाऊन टाकलंय, त्यामुळे रंध्यांना पातीच नाहीत. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. पातं लोहाराचं, रंध्याचा ठोकळा सुतार आपल्या हाताला बसेल असा घडवतो. कुठे तळवा टेकायचा, ते त्या लाकडावर अजून दिसतं.

लढाईत या माणसांचं काम काय? गोळ्याने पडलेलं भोक आतून बुजवायचं, मोडलेली डोलकाठी सांधायची. एरवी फळ्यांच्या फटी भरायच्या. तिकडे जुना दोर पिंजून ठोकत आणि वर डांबर ओतत, आमच्या कोकणात कापूस ठोकतात. तोफ बंद पडली तर जहाज पळ काढील. पाणी आत शिरल्यावर कुठे पळणार? माझ्या लेखी जहाजावरचं पहिलं हत्यार मोगरी, तोफ नंतर.

तिथल्या अनेक वस्तूंवर मालकांनी कोरलेल्या खुणा आहेत. अक्षरओळख नसली तरी आपली वस्तू ओळखता आली पाहिजे! सुतारांच्या खोलीत बॅकगॅमनचा पटही सापडला, आणि दाराजवळ एका कुत्र्याचा सांगाडा. उंदरांसाठी पाळलेलं असणार.

तिथली हत्यारं काचेमागे जपली आहेत; फायबरच्या होड्या आल्यापासून आपल्याकडचे वाकस, गिरमिटं, पटाश्या माळ्यावर पडून आहेत. घरात असतील तर भंगारवाल्याला देण्याआधी एवढं करा: कुणाचं हत्यार, कोणत्या बंदरातलं, कोणती होडी त्याने बांधली, हे चिठ्ठीवर लिहून दांड्याला बांधून ठेवा.