पोषण आहाराच्या पातेल्याशी मुलांचे नाते

मध्य रेल्वेवर कल्याण सोडून कसाऱ्याकडे निघाले की पहिले स्थानक लागते ते शहाड. कारखाना, चाळी आणि नव्या इमारती यांच्या दाटीत शाळेला पटांगण मिळणेही मुश्कील, तेथे स्वतंत्र स्वयंपाकघर कोठून असणार? त्यामुळे नागरी भागात शालेय पोषण आहार बहुधा बचत गट किंवा संस्थांच्या केंद्रीय स्वयंपाकगृहात शिजतो आणि मोठ्या डब्यांतून शाळेत पोहोचतो. मुलांची आणि खिचडीची गाठ पडते ती थेट ताटात. ताटात अन्न उरले तरी कारण कोणी विचारत नाही.

ही योजना देशभर १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात प्रारंभी दरमहा तीन किलो तांदूळ घरी दिला जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. २०२१ पासून योजनेचे नाव 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' असे आहे. प्राथमिक वर्गातील मुलाला ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गात ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. मात्र हा हिशेब शिजवलेल्या अन्नाचा. पोटात गेलेल्या अन्नाचा नव्हे.

मुलांना स्वयंपाकात सामील करून घेण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या 'नई तालीम'मध्ये स्वयंपाक, शेती आणि सफाई हे शिक्षणाचेच भाग होते. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत ती परंपरा २००५ पासून पुन्हा सुरू आहे. धान्य मोजताना गणित आणि डाळ भिजवताना विज्ञान आपोआप शिकवले जाते.

तथापि, सरसकट अनुकरण धोक्याचे ठरेल. तामिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून भडकलेल्या आगीत ९४ मुले दगावली. बिहारमधील छपऱ्याजवळ २०१३ मध्ये, योगायोगाने १६ जुलैलाच, विषारी अन्नाने २३ बालकांचा बळी घेतला. तेव्हा पेटत्या चुलीपाशी आणि उकळत्या पातेल्यापाशी मुले नकोतच. शिवाय स्वयंपाकी मदतनिसाचे काम फुकटात मुलांकडून करून घेणे म्हणजे शिक्षण नव्हे, वेठबिगारी.

मग उरते काय? बरेच काही. मोठी मुले शाळेत आलेले डबे मोजून घेऊ शकतात, वाढपाची पाळी सांभाळू शकतात आणि उरलेल्या अन्नाचे वजन वहीत टिपू शकतात. कोणत्या वारी काय उरले, ही नोंद महिनाभर ठेवली तरी पुरवठादाराशी बोलायला शाळेच्या हाती ठोस पुरावा येतो. जपानमध्ये वर्गात अन्न वाढण्याचे काम विद्यार्थीच पाळीपाळीने करतात. गच्चीवरील कुंड्यांतही कोथिंबीर, मेथी, कढीपत्ता येतो. परसबागेसाठी मोकळी जमीनच हवी, असे नाही.

पाळी लावताना एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागेल. भाजी निवडणे मुलींकडे आणि डबे उचलणे मुलांकडे, अशी घरातली वाटणी शाळेत येता कामा नये. जातीचेही तेच. दलित स्वयंपाकिणीच्या हातचे अन्न नाकारल्याच्या घटना देशात घडल्या आहेत. आहार शिजवण्याच्या नेमणुकांत दलित व आदिवासींना प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावले होते. वाढपाच्या पाळीत प्रत्येक मुलाचे नाव येते की नाही, हे शिक्षकांनी रोज पाहायला हवे. अन्न वाढण्यापूर्वी शिक्षकाने ते चाखण्याची सक्ती मार्गदर्शक सूचनांत आहेच.