गोफरची एक दिवसाची ऑनसाइट

रविवारी सकाळी साडेआठला आपण सगळे पांघरुणातच असतो. १८ मे १९८० हाही रविवारच होता. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात ८ वाजून ३२ मिनिटांनी भूकंपाचा धक्का बसला, माउंट सेंट हेलेन्सची उत्तरेकडची बाजू अख्खीच्या अख्खी घसरली आणि ज्वालामुखी चक्क आडवा फुटला. डोंगर सुमारे ४०० मीटरनं बुटका झाला. ५७ माणसं गेली. जवळपास ६०० चौरस किलोमीटर जंगल झोपलं नाहीतर करपलं.

पडलेली झाडं फोटोत दिसतात हो, पण मातीचं काय झालं?

डोंगराच्या उत्तरेला प्युमिसचा जाड थर साचला. हा इतका सच्छिद्र, हलका दगड की पाण्यावर तरंगतो. त्यात नत्र जवळजवळ नाही, सेंद्रिय काही नाही. म्हणजे हार्डवेअर आलं, पण ऑपरेटिंग सिस्टिम नाही! तिथे पहिल्यांदा तग धरला तो लुपिननं. हे हरभऱ्याचं लांबचं भावंड. मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र पकडतात, म्हणून त्याचं निभावलं. पण बाकीच्यांचं काय?

इथे गोफरची एंट्री होते. गोफर म्हणजे आपल्या घुशीसारखा, जमिनीखाली बोगदे खणत राहणारा प्राणी. शेतकऱ्याचा शत्रूच. स्फोटाच्या वेळी जमिनीखाली असल्यामुळे बरेच गोफर वाचले, आणि राख पातळ होती तिथे खालची जुनी माती उकरून वर आणू लागले. मायकल अ‍ॅलन आणि जेम्स मॅकमहॉन या शास्त्रज्ञांनी विचार केला, त्या मातीबरोबर जीवाणू आणि बुरशीही वर येणार. मग १९८३ मध्ये त्यांनी प्युमिसवरच्या दोन कुंपण घातलेल्या तुकड्यांत काही गोफर सोडले. फक्त एक दिवस! तेव्हा तिथे मोजून डझनभर रोपं होती. सहा वर्षांनी त्याच तुकड्यांवर ४०,००० रोपं होती. आजूबाजूला बहुतेक उजाडच.

खरी गंमत पुढे आहे. त्या माती-जीवांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, गोफरच्या त्या एका दिवसाचा परिणाम चार दशकांनंतरही ओळखता येतो. याच अभ्यासात दोन जंगलांची तुलनाही आहे. एक जुनं जंगल, राखेनं झाकलेलं. तिथे झाडांच्या सुया गळून पडल्या, पण मुळांशी राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीनं त्या सुयांमधलं अन्न झाडांना परत पुरवलं आणि काही ठिकाणी झाडं भराभर उठली. दुसरं जंगल स्फोटाच्या आधीच सरसकट तोडलेलं. तिथे ना सुया, ना बुरशीला आधार. तिथली माती अजूनही मागेच आहे.

म्हणजे बघा, ज्वालामुखीनं माती झाकली, पण बॅकअप खाली शाबूत होता. करवतीनं आधीच तो बॅकअप उडवला होता. दणका किती मोठा, यापेक्षा त्याआधी आपण मातीला कसं वागवलं होतं, ते महत्त्वाचं ठरलं.

आपली देशावरची काळी मातीसुद्धा लाव्हाच्या खडकापासूनच झाली आहे. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. नवी स्कीम उभी राहताना जेसीबी पहिल्या दिवशी तीच माती ट्रकमध्ये भरतो, आणि आपण मात्र 'प्लॉट साफ झाला' म्हणतो.

असो. आज बाल्कनीतल्या कुंडीत बोट घालून बघा. तिथेही बरंच काही जिवंत असतं.