एका तपाची साप्ताहिके

स्त्रियांची मासिके आपल्या चांगल्या ओळखीची आहेत. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली ‘स्त्री’ काढले, तेव्हापासून किती घरांत त्याची वाट पाहिली जात असे, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. मुलांची मासिके आहेत, शेतकऱ्यांची आहेत, ज्योतिषाची आहेत. पण ‘पुरुषांचे साप्ताहिक’ म्हटले की आपण जरा थबकतो. सकाळचे वर्तमानपत्र आधी घरातल्या कर्त्या पुरुषाच्याच हाती जायचे. त्याला आणखी निराळे साप्ताहिक कशाला?

विलायतेतल्या प्रकाशकांनाही फार दिवस असेच वाटत होते. १९३७ साली निघालेले ‘वूमन’ हे तिकडचे स्त्रियांचे साप्ताहिक १९५० नंतरच्या दशकात तीस लाखांवर खपत होते. पुरुषांची गोष्ट निराळी. सैनिकांच्या करमणुकीसाठी काढलेली चावट चित्रांची पत्रे सोडली, तर कपडे, खेळ, मोटारी, गप्पाटप्पा अशा राहणीच्या विषयांचे साप्ताहिक पुरुषांत चालेल असे कोणी मानीत नसे. मासिक एक वेळ तो विकत घेईल, पण दर आठवड्याला दुकानाशी जाऊन उभे राहण्याची सवय त्याला लागायची नाही, हा त्या धंद्यातला ठाम समज. तो समज २००४ च्या जानेवारीत मोडला. एका पंधरवड्यात दोन साप्ताहिके निघाली, लाखांनी खपली आणि २०१५ अखेर दोन्ही नाहीशी झाली. जन्म, भरभराट आणि मरण, सारे एका तपात.

मी शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो ते रात्री. दिवसा वयात येणाऱ्या मुलांत बसलेला असतो. परदेशातल्या बंद पडलेल्या कागदांची ही कथा मला वाचाविशी वाटली, ती याच कारणाने. पुरुष कसा असतो, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला कोणी तरी सांगतच असते. बाप सांगत नाही, मास्तर तर नाहीच नाही. मग कोण सांगते आणि काय सांगते?

कथेचे मूळ बरेच मागे आहे. ‘मॅगझिन’ हा शब्द नियतकालिकाला चिकटला तोच मुळी पुरुषांच्या पत्रामुळे. एडवर्ड केव्ह याने १७३१ साली लंडनात ‘द जंटलमन्स मॅगझिन’ काढले. मॅगझिन म्हणजे कोठार; दारूगोळ्याचे असते तसे हे वाचनाचे. कोशकार डॉ. जॉन्सन उमेदवारीच्या दिवसांत याच कोठारात राबत होते. पण ते झाले सभ्य गृहस्थांचे मासिक. सामान्य माणसाच्या हाती साप्ताहिक दिले ते जॉर्ज न्यून्स याने, १८८१ साली, मँचेस्टरात. हा गडी मोठा हिकमती. भांडवल जमेना, तेव्हा त्याने शाकाहारी खाणावळ काढली आणि तिच्या पैशावर ‘टिटबिट्स’ सुरू केले. नावाप्रमाणेच त्यात इकडचे तिकडचे चविष्ट तुकडे: किस्से, विनोद, चमत्कारिक माहिती. खप वाढविण्याच्या त्याच्या युक्त्या ऐकून आजचा जाहिरातवालाही कान पकडील. एका स्पर्धेत त्याने बक्षीस म्हणून घर देऊ केले. पुढे असेही जाहीर केले की, आगगाडीच्या अपघातात जो दगावेल त्याच्याजवळ ‘टिटबिट्स’चा अंक सापडल्यास वारसांना शंभर पौंड मिळतील. याच न्यून्सने १८९१ साली ‘स्ट्रँड’ मासिक काढले आणि शेरलॉक होम्सच्या कथा त्यात येऊ लागल्या, हे आपल्या वाचकांना सांगितले म्हणजे हा माणूस अगदीच परका वाटणार नाही.

न्यून्सची कंपनी पुढे इतर कंपन्यांबरोबर आय. पी. सी. नावाच्या मोठ्या प्रकाशनगृहात विलीन झाली. १९८४ साली ‘टिटबिट्स’चे स्वतंत्र आयुष्य संपले. आणि मौज अशी की, त्यानंतर बरोबर वीस वर्षांनी पुरुषांचे नवे साप्ताहिक काढले ते याच घराण्याने.

मधल्या वीस वर्षांत काय घडले ते थोडक्यात सांगतो. १९८५ साली ‘फॉर हिम’ नावाचे मासिक निघाले; ते पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानांतून मिळे. पुढल्याच वर्षी निक लोगन याचे ‘अरीना’ आले. या मासिकांतला पुरुष टापटिपीचा, उत्तम शिवलेला कोट घालणारा, हळव्या मनाचा. या शहाण्या पुरुषाचा लोकांना लवकरच कंटाळा आला असावा. कारण १९९४ साली आय. पी. सी. ने जेम्स ब्राउन या संगीत-पत्रकाराच्या हाती ‘लोडेड’ हे मासिक दिले, आणि त्याचे ब्रीदवाक्यच असे होते की, ज्यांना एव्हाना अक्कल यायला हवी होती अशा पुरुषांसाठी हे आहे! फुटबॉल, बिअर, भटकंती, मित्रांची टवाळी आणि अर्थातच स्त्रिया. मुंबईत फोर्टच्या पदपथावर जुनी परदेशी मासिके ढिगाने मिळत, तेव्हा मी याचे दोनतीन अंक चाळले आहेत. खोटे कशाला सांगू, त्यात जीव होता. लिहिणारांना लिहायची हौस होती. वात्रटपणा पुष्कळ, पण वात्रटपणाही हसतखेळत केलेला. त्याच साली एमॅप कंपनीने ‘फॉर हिम’ विकत घेतले, त्याचे ‘एफ. एच. एम.’ झाले आणि १९९८ साली त्याचा खप साडेसात लाखांच्या वर गेला. आता प्रकाशकांच्या तोंडाला पाणी सुटले. महिन्याला जे एवढे विकते, ते आठवड्याला का विकू नये?

आय. पी. सी. चे संपादकीय प्रमुख माइक साउटर हे पूर्वी ‘एफ. एच. एम.’चे संपादक होते, म्हणजे या बाजाराची नस त्यांना ठाऊक. त्यांच्या देखरेखीखाली जानेवारी २००४ मध्ये ‘नट्स’ निघाले. नट्स म्हणजे बदाम-अक्रोड. बोलीत त्याचा अर्थ खुळा, वेडगळ. ही कुणकुण एमॅपला आधीच लागली होती. त्यांनी पंधरवड्याच्या आत आपले ‘झू’ बाजारात आणले. झू म्हणजे प्राण्यांची बाग. दोन्ही नावे पाहिली म्हणजे ग्राहकाबद्दल प्रकाशकांची कल्पना काय होती ते कळते, आणि ग्राहकाला त्याचा राग आला नाही हेही कळते. ‘नट्स’च्या जाहिरातीत तर बायकांना बजावले होते की, गुरुवारी नवऱ्याकडून कसल्याही मदतीची अपेक्षा ठेवू नका! पहिल्याच सहामाहीत ‘नट्स’ दोन लाख नव्वद हजारांच्या आसपास आणि ‘झू’ दोन लाखांवर गेले. २००५ साली हेच आकडे तीन लाख आणि अडीच लाखांच्या पुढे होते.

आत काय असे? फुटबॉलच्या बातम्या, आठवड्याचे दूरदर्शनचे कार्यक्रम, नव्या मोटारी, अपघातांची अंगावर काटा आणणारी छायाचित्रे, विनोद, आणि कमी कपड्यांतल्या तरुणी. कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या अंकात याहून अधिक वर्णन नको. मजकूर म्हणजे चित्राखालच्या दोन ओळी. यात संपादकांचा आळस होता असे मला वाटत नाही. साप्ताहिकाचा धर्मच तसा पडतो. मासिकाला लेखक चार आठवडे कोठे पाठवता येतो, त्याला लिहायला सवड देता येते. साप्ताहिकाच्या वर्षाला बावन्न तोंडे. ती सारी भरायची, आणि शेजारीच प्रतिस्पर्धी तेच विकत उभा. दोन दुकानदार एकाच गल्लीत एकच माल विकू लागले की माल सुधारत नाही, पाटी मोठी होते. येथे पाटी म्हणजे मुखपृष्ठ. त्यावरचे कपडे कमी होत गेले आणि ‘लोडेड’मधला हसरा वात्रटपणा आटून नुसता रांगडेपणा उरला.

या प्रकरणातले मला सर्वांत झोंबणारे पान २०१० सालच्या मे महिन्यातले आहे. ‘झू’मध्ये एका नटाच्या नावाने सल्ल्याचे सदर चाले. प्रेयसीने सोडून दिलेल्या एका वाचकाने दुःख विसरण्याचा मार्ग विचारला. छापून आलेल्या उत्तरात एक पर्याय असा होता की, तिचा चेहरा विद्रूप कर, म्हणजे दुसरा कोणी तिच्याकडे पाहणार नाही. गहजब झाला. अंकाच्या निर्मितीत चूक झाली असे सांगून साप्ताहिकाने माफी मागितली. आपण असे म्हटलेच नव्हते असे नटाने सांगितले. पण ते वाक्य कोणी तरी जुळवले, कोणी तरी तपासले, आणि ते विनोद म्हणून खपेल असे त्या खोलीत सर्वांना वाटले, एवढे तर खरेच. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, सरे विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्त्रियांवर अत्याचार केल्याबद्दल शिक्षा झालेल्या माणसांची बोलणी आणि अशा नियतकालिकांतली वाक्ये त्यांनी एकत्र मिसळली व तरुणांपुढे ठेवली. कोणते वाक्य कोणाचे, हे त्यांना धड ओळखता आले नाही.

आमच्या शाळेत एक प्रश्नपेटी आहे. मुले नाव न घालता तीत चिठ्ठ्या टाकतात. बहुतेक प्रश्न परीक्षेचे, काही चेष्टेचे. पण वर्षातून एखादी चिठ्ठी अशी येते की, ‘ती आता माझ्याशी बोलत नाही, मी काय करू?’ अक्षर गिरबटलेले, शुद्धलेखन बेतास बात. त्या चिठ्ठीला उत्तर द्यायला मला दोन-दोन दिवस लागतात. ‘झू’च्या त्या वाचकानेही असाच कागद हाती घेतला असेल. त्याला विनोद नको होता. तो खरोखरच विचारत होता, आणि आठवड्याच्या आठवड्याला पैसे मोजून घेतलेल्या मित्राला विचारत होता. मला वाटते, या साप्ताहिकांनी विकली ती चित्रे नव्हेतच, संगत विकली. कट्ट्यावरची चार टाळकी दर आठवड्याला कागदात गुंडाळून घरी येत. ज्याला कट्टा नव्हता त्याला ती फार हवीशी वाटत असणार.

विरोधाला २०१३ साली धार आली. दोन स्त्री-संघटनांनी मोहीम उघडली. त्यांचे म्हणणे विचार करण्याजोगे होते: दुकानात काम करणाऱ्या मुलीला ही मुखपृष्ठे रोज हाताळावी लागतात, तेव्हा २०१० च्या समता कायद्याखाली हा तिचा छळ ठरू शकतो. तिकडच्या सहकारी भांडारांनी, म्हणजे रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली घालून दिलेल्या वाटेने वाढलेल्या त्या मोठ्या संस्थेने, प्रकाशकांना सांगितले की, अंक झाकणाऱ्या पिशवीत घालून द्या, नाही तर आमच्या फळीवर ठेवणार नाही. ‘नट्स’ने नकार दिला आणि सुमारे चार हजार दुकाने गमावली. हे वाचताना मला आपल्या ‘आवाज’ची आठवण झाली. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या त्या दिवाळी अंकातली खिडकी-चित्रे कोणाला ठाऊक नाहीत? खिडकीतून पाहावे तो भलतेच दिसते, पान उलटावे तो भाबडे चित्र निघते, आणि पाहणाराच ओशाळतो. चावटपणा वाचकाच्या डोक्यात ठेवायचा, कागदावर नाही, ही त्यातली गंमत. म्हणून तो अंक घरात राजरोस येऊ शकला. ‘नट्स’पाशी उलटायला दुसरे पानच नव्हते.

तरीही मोहिमेने ती मारली असे म्हणणे बरोबर होणार नाही. ती त्याआधीच अंथरुणाला खिळली होती. दूरदर्शनचे कार्यक्रम संचाच्या पडद्यावरच वाचता येऊ लागले, तेव्हा ती पाने निरुपयोगी झाली. फुटबॉलचा निकाल आठवडाभर थांबत नाही. चित्रे तर इंटरनेटवर फुकट, तीही याहून धीट. २००७ मध्ये ‘नट्स’ने स्वतःची दूरदर्शन-वाहिनी काढून पाहिली, ती २००९ मध्ये बंद पडली. त्याच २००७ साली आयफोन आला आणि अख्खा कट्टा खिशात जाऊन बसला. २०१३ च्या अखेरीस ‘नट्स’चा खप त्रेपन्न हजारांवर आला होता. एप्रिल २०१४ मध्ये शेवटचा अंक निघाला. एमॅपकडून हँबुर्गच्या बाउअर कंपनीकडे गेलेले ‘झू’ तीस हजारांच्याही खाली घसरले आणि २०१५ च्या अखेरीस संपले. ‘लोडेड’ची छपाई त्याच वर्षी थांबली, ‘एफ. एच. एम.’ची पुढल्या वर्षाच्या आरंभी.

हे सारे ज्याने आरंभले त्या साउटरची गोष्ट मात्र राहिली. ‘नट्स’ भरात असतानाच तो बाहेर पडला आणि सप्टेंबर २००७ मध्ये त्याने ‘शॉर्टलिस्ट’ नावाचे पुरुषांचे दुसरे साप्ताहिक काढले. हे फुकट, गुरुवारी स्थानकांच्या दाराशी उभे राहून वाटायचे. ओशाळवाणी चित्रे वर्ज्य. पुस्तके, सिनेमा, कपडे, खाणेपिणे, थोडे राजकारण. आगगाडीत शेजारी बाई बसली तरी उघडता यावे असे. ते पाच लाखांवर वाटले जाई, म्हणजे ‘नट्स’च्या उत्तम दिवसांहूनही अधिक. सभ्य पुरुषालाही साप्ताहिक हवे असते, पैसे मात्र द्यायचे नसतात, असा त्याचा अर्थ लावावा की काय कोण जाणे. त्याच कंपनीने २००९ साली स्त्रियांसाठी ‘स्टायलिस्ट’ नावाचे तसेच फुकट साप्ताहिक काढले. जाहिरातदार दोन्हीकडे आले, पण पुरुषांच्या अंकाकडून ते आधी सरकले. २०१८ च्या डिसेंबरात ‘शॉर्टलिस्ट’चा शेवटचा छापील अंक स्थानकांवर वाटला गेला. ‘स्टायलिस्ट’ त्यानंतरही निघत राहिले.