ओलं इंधन आणि कोरडा वायू

मंडळी, अनुमानाच्या इतिहासात आज मी तुम्हाला थेट गॅसच्या पाइपलाइनमध्ये नेणार आहे. पण आधी नैयायिकांचं जुनं उदाहरण आठवा. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. जिथे अग्नी तिथे धूर? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी इंधन ओलं लागतं. या ओलेपणाला ते 'उपाधी' म्हणतात.

पोलादी नळाचंही तसंच, बरं का. नैसर्गिक वायूतला कार्बन डायऑक्साइड कोरडा असेल तर पोलादाला काही करत नाही. पाणी मिळालं की कार्बनिक आम्ल तयार होतं आणि नळ आतून झिजू लागतो. १९७५ मध्ये शेलच्या ॲमस्टरडॅममधल्या प्रयोगशाळेतल्या द वार्ड आणि मिल्यम्स यांनी या झिजेच्या वेगाचं सूत्र मांडलं. तापमान आणि कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब, एवढ्यावर उत्तर. ते बहुधा वाढीव यायचं. पुढे दुरुस्त्या झाल्या. पण पाणी त्यात गृहीतच होतं. ते नळात कुठे साचेल, हा प्रश्न सूत्राचा नव्हताच.

आणि माणसं दगावली ती याच प्रश्नापाशी. १९ ऑगस्ट २०००, अमेरिकेतलं न्यू मेक्सिको राज्य, कार्ल्सबॅडजवळ पेकोस नदीचा काठ. पहाटे ३० इंची गॅसवाहिनी फुटली. जवळच तळ ठोकून राहिलेली १२ माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. चौकशीत दिसलं, की नळ वाकवल्यामुळे तिथे एक खोलगट जागा झाली होती. द्रव काढून घेणारा सापळा अर्धवट तुंबलेला. त्यामुळे द्रव पुढे जाऊन तिथे साचला असावा. नळ साफ करणारं 'पिग' नावाचं साधन त्या भागातून जाऊच शकत नव्हतं.

म्हणजे बघा, 'वायू कोरडा, म्हणून गंज नाही' हे अनुमान आकारानं निर्दोष होतं. खोट होती ती आधारविधानात.

२००६ मध्ये अशा वाहिन्यांसाठी अमेरिकेतल्या गंजतज्ज्ञांच्या 'नेस' संस्थेनं मानक काढलं. त्यात शब्द आहेत 'साधारणतः कोरडा' वायू. त्या 'साधारणतः'ची किंमत १२ जीव आहे, असं मी म्हणेन. पद्धत साधी: वायूच्या वेगावरून ठरवायचं, की किती चढावर त्याला पाणी पुढे ढकलता येणार नाही. मग जमिनीचा चढउतार मोजून तसे चढ शोधायचे, आणि तिथे खणून नळाची जाडी प्रत्यक्ष तपासायची.