मोडशी आणि पेज : जुन्या गोव्यातील परदेशस्थांचे आरोग्य

गोव्याचा इतिहास वर्गात शिकविताना आपण तोफा, तटबंदी आणि तह यांविषयी पुष्कळ बोलतो. आल्बुकेर्कने इ. स. १५१० मध्ये गोवे घेतले, ही गोष्ट विद्यार्थ्यांस मुखोद्गत असते. परंतु गोवे घेतल्यानंतर तेथे जिवंत कसे राहावयाचे, हा प्रश्न त्या परक्या राज्यकर्त्यांस प्रत्येक पावसाळ्यात नव्याने पडत होता, हे आपण क्वचितच सांगतो. शत्रूच्या तलवारीपेक्षा ताप, अतिसार आणि मोडशी यांनीच त्यांची अधिक माणसे नेली. सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत गोव्याच्या राजकीय रुग्णालयात सुमारे २५,००० सैनिक मृत्यू पावले, असा आकडा इतिहासग्रंथांतून वारंवार दिला जातो. पोर्तुगालसारख्या लहान देशास ही हानी केवढी वाटली असेल, याची कल्पना करावी.

लिस्बनहून मार्च-एप्रिलच्या सुमारास निघालेली गलबते सप्टेंबर-ऑक्टोबरात मांडवीच्या मुखाशी लागत. सहा महिन्यांच्या प्रवासात ताज्या अन्नाच्या अभावी हिरड्या सुजलेले, अंगातील बळ सरलेले तरुण थेट रुग्णालयातच उतरविले जात. हे रुग्णालय आल्बुकेर्कच्याच काळी स्थापन झाले आणि इ. स. १५९१ पासून ते जेजुइट पाद्र्यांच्या व्यवस्थेखाली स्थिरावले. पिरार नावाचा फ्रेंच प्रवासी इ. स. १६०८ मध्ये तेथे रुग्ण म्हणून होता. स्वच्छ बिछाने, चांदीच्या ताटांतून मिळणारे अन्न आणि आपुलकीची शुश्रूषा पाहून तो इतका प्रसन्न झाला, की जगात असे दुसरे रुग्णालय नसेल, असे त्यास वाटले. पुढे चाळीस वर्षांच्या आतच ताव्हेर्निये या दुसऱ्या फ्रेंच प्रवाशाने त्याच रुग्णालयाची अवनती नोंदविली. तेथे शिरलेले पुष्कळसे युरोपीय थडग्याकडे नेण्यासाठीच बाहेर पडतात, असा त्याचा अभिप्राय आहे. परंतु वैभवाच्या काळीही चांदीच्या ताटाने मृत्यू टळत नव्हता. रोग्याचे रक्त वारंवार काढणे हा तेथील मुख्य उपचार होता, आणि ज्याच्या शरीरातील द्रव आधीच आटला आहे त्याचे रक्त काढणे म्हणजे त्यास अधिकच खचविणे होय.

या पार्श्वभूमीवर गार्सिया द ओर्ता या वैद्याचे महत्त्व ध्यानी येते. तो इ. स. १५३४ मध्ये मार्तिम आफोंसो द सौझा याचा वैद्य म्हणून गोव्यास आला आणि मरेपर्यंत, म्हणजे इ. स. १५६८ पर्यंत, याच भूमीत राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याची ये-जा होती. भारतातील औषधी द्रव्यांविषयीचा त्याचा संवादरूप ग्रंथ इ. स. १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. ग्रीक आणि अरब आचार्यांचे ग्रंथ त्याने अभ्यासिले होते; पण जे डोळ्यांनी पाहिले ते ग्रंथाहून प्रमाण मानण्याचे धैर्य त्याच्या ठायी होते. एतद्देशीय वैद्यांस शरीररचनेचे ज्ञान नाही, असे तो स्पष्ट म्हणतो. आणि तितक्याच स्पष्टपणे त्यांच्या अनुभवसिद्ध उपचारांचे श्रेयही त्यांस देतो.

त्याच्या ग्रंथातील पटकीवरील संवाद आपणां मराठी वाचकांस विशेष जवळचा वाटावा. या रोगाचे जे देशी नाव त्याने नोंदविले, ते आपले ‘मोडशी’च होय. ‘मोडणे’ या धातूशी त्याचा संबंध व्युत्पत्तिकार लावतात. माणूस मोडून पडतो ती मोडशी. पोर्तुगिजांनी त्याचे ‘मोर्देशीम’ केले. फ्रेंचांच्या कानी ते पडले तेव्हा त्यांनी आपल्या भाषेतील दोन-तीन शब्द जुळवून त्याचा ‘कुत्र्याचे मरण’ असा अर्थ काढला! परक्या भूमीत आलेला मनुष्य रोगाशी झुंजतो, पण त्याचे नाव मात्र त्यास तेथील लोकांकडूनच घ्यावे लागते. गास्पार कोरैया या बखरकाराने इ. स. १५४३ मधील गोव्याच्या साथीचे वर्णन केले आहे. तान्ह्या बालकापासून ऐंशी वर्षांच्या वृद्धापर्यंत कोणीही त्यातून सुटले नाही. मृत्यूची घंटा अहोरात्र वाजू लागल्याने लोकांचा धीर खचेल, म्हणून गव्हर्नराने चर्चमधील घंटा वाजविण्यास मनाई केली.

मोडशीवर येथील लोक काय करीत, तेही ओर्ता सांगतो. मिरे व जिरे घालून तांदळाचे पाणी, म्हणजे आपल्याकडील पेज, रोग्यास पाजीत. त्याच्या पायांस डागही देत. आजच्या ज्ञानाने पाहता या दोन उपचारांत केवढे अंतर आहे! डाग देणे ही निव्वळ यातना होती. पण पेजेने आटलेल्या शरीरास पाणी मिळत होते. इ. स. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीच्या असंख्य रोग्यांस वाचविले, आणि पुढे तांदळाच्या पिठाचे तसेच द्रावणही गुणकारी ठरले. आपल्या पूर्वजांस जंतूंचे ज्ञान होते, असा दावा यावरून कोणी करू नये. योग्य आणि अयोग्य दोन्ही उपचार ते सारख्याच विश्वासाने करीत होते. मात्र पेज त्यांच्याजवळ होती, आणि परदेशस्थाने ती मागून घेण्यात शहाणपण होते.

ते मागणे सोपे राहिले नाही. इ. स. १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती रोग्यांनी अन्यधर्मी वैद्यांकडे जाऊ नये, असे ठरविले. तरीही इ. स. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्शॉटेन लिहितो, की व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठवासी पाद्री हे सर्व आपल्या देशबंधूंपेक्षा हिंदू वैद्यांवरच अधिक भिस्त ठेवतात. इतरांस सहसा न मिळणारा छत्रीचा मानही या वैद्यांस रस्त्याने जाताना मिळतो. पुढे इ. स. १६१८ मध्ये परीक्षेवाचून कोणी वैद्यकी करू नये, आणि हिंदू वैद्यांची संख्या तीसच असावी, असा नगरसभेचा नियम झाला. बंदीवरून संख्येच्या मर्यादेपर्यंत आलेली ही माघार बोलकी आहे. धर्मसभेत जे निषिद्ध, ते रोगशय्येवर हवेहवेसे होत होते.

नित्याच्या राहणीतही हाच धडा दिसतो. गोव्यात मुरलेले पोर्तुगीज वारंवार स्नान करू लागले, रोज कपडे बदलू लागले, आणि मातीच्या गुरगुलेटातून ओठ न लावता, वरून धार धरून पाणी पिऊ लागले. नवखा शिपाई असे पाणी पिताना अंगावर सांडी, तेव्हा जुने लोक त्यास ‘रेइनोल’, म्हणजे थेट राज्यातून आलेला, असे म्हणून हसत. त्या हसण्यात थट्टेपेक्षा अधिक काही होते. पाणी पिण्याची रीत शिकला तो या भूमीत रुळला, असाच त्याचा अर्थ होता.

परंतु व्यक्तीने शिकलेली स्वच्छता नगरास शिकविता आली नाही. जुने गोवे सच्छिद्र जांभ्या दगडावर वसले होते. शौचकूपांतील घाण झिरपून विहिरींत उतरे. सधन लोक बायंगिणीच्या झऱ्याचे पाणी विकत घेत. गरिबास घराजवळची विहीरच होती. भोवतालच्या साचलेल्या पाण्यात डास वाढत. मात्र तापाचे खापर करमळीच्या तळ्यावरून येणाऱ्या दूषित हवेवर फोडले जाई. कारण चुकले की उपायही चुकतो. शेवटी इ. स. १६९५ मध्ये व्हाइसरॉयने आपला निवास पणेळीस हलविला, आणि इ. स. १७५९ मध्ये सत्तेचे ठाणे पणजीस आले. त्यानंतर पोंबालच्या आज्ञेने जुने नगर पुन्हा वसविण्याचा खटाटोप झाला, तोही फसला. आज तेथे चर्च उभी आहेत, पण त्यांच्याभोवतीचे नगर नाही.

इ. स. १८४२ मध्ये पणजीस वैद्यकीय विद्यालय निघाले. तेथून शिकून बाहेर पडलेले अनेक गोमंतकीय डॉक्टर पोर्तुगिजांच्या आफ्रिकेतील वसाहतींत आरोग्यसेवेसाठी गेले. ज्यांच्या वैद्यांची संख्या एकेकाळी तीसवर रोखली होती, त्याच भूमीचे पुत्र दुसऱ्या एका उष्ण देशात पोर्तुगिजांचे प्राण राखू लागले. तेथे मात्र परके तेच होते. आफ्रिकेतील लोकांच्या अनुभवाकडे त्यांनी कोणत्या दृष्टीने पाहिले, हाही प्रश्न आपण अभ्यासावयास हवा. कारण पदवी हाती आली म्हणजे शेजाऱ्याची पेज तुच्छ वाटू लागते, हा दोष काही एकाच राष्ट्राचा नव्हे.

आमच्या शाळेतील मुलेही आता नोकरीनिमित्त आखाती देशांत आणि आफ्रिकेत जातात. लस घ्या, मच्छरदाणी वापरा, पाणी उकळून प्या, हे आम्ही त्यांस सांगतोच. त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगावी असे वाटते. जेथे जाल तेथील लोक पाणी कोठून आणतात, कोणत्या वेळी उन्हात जात नाहीत, आजाऱ्यास काय खाऊ घालतात, हे आधी विचारा. मग ते आधुनिक ज्ञानाच्या कसोटीवर घासून पाहा. ओर्ताने याहून निराळे काही केले नाही. तेवढे न केल्यामुळे किती जण गेले, ते जुन्या गोव्याच्या मातीस ठाऊक आहे.